कंपनीने सेवा-करार मोडला? पैसे परत मागण्याचे टप्पे, योग्य क्रमाने

वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि सेवा मध्येच बंद पडली, असं वॉटर प्युरिफायरच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) होतं, जिममध्ये होतं, मुलांच्या क्लासमध्ये आणि मॉड्युलर किचनच्या कामातही होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अशा वेळी ग्राहकाला बऱ्यापैकी हत्यारं देतो. तरीही तक्रारी फसतात आणि कारण बहुतेकदा एकच असतं : क्रम. लोक आधी कस्टमर केअरशी भांडतात, मग रागाने ॲपवर ‘कॅन्सल’ दाबतात, मग सोशल मीडियावर लिहितात आणि वर्षभराने करार कुठे ठेवलाय ते शोधू लागतात. तोवर अर्धा पुरावा गेलेला असतो आणि करार कोणी मोडला, यावरच वाद सुरू झालेला असतो.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, तुम्ही ४,८०० रुपये भरून प्युरिफायरचा वर्षाचा एएमसी घेतला. करारात चार सर्व्हिस होत्या, झाली एकच. मशीन बंद आहे आणि कंपनी तारखांवर तारखा देते आहे.

टप्पा १ : प्रकरण ग्राहक आयोगात (ग्राहक न्यायालयात) बसतं का, ते पाहा

सेवा पैसे देऊन घेतलेली हवी. फुकट मिळालेली सेवा कायद्यात येत नाही. ती स्वतःच्या वापरासाठी घेतलेली हवी. धंद्यासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला सूट मिळते. घरी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मशीनचा एएमसी घेतला तर त्या ग्राहकच ठरतात. पन्नास मशीनच्या कारखान्याचं तसं नाही. वकिलाच्या सेवेबद्दल मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

करारात दोन वाक्यं हमखास सापडतात आणि ती वाचून लोक हातपाय गाळतात. ‘वाद लवादाकडे जाईल’ हे पहिलं, म्हणजे निवाडा न्यायालयाऐवजी नेमलेला पंच करेल. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायम केलं. दुसरं वाक्य, ‘फक्त दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार’. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कंपनी गुरुग्रामची असली तरी सांगलीकराने सांगलीत तक्रार करावी.

तपासा : तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे (कलम ६९). ती कधी सुरू झाली याबद्दल शंका असेल तर सगळ्यात आधीची तारीख धरून चाला. कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार, हेल्पलाइनवरची तक्रार, ‘बघतो, करतो’ची आश्वासनं यातल्या कशानेही ही मुदत थांबते असं गृहीत धरू नका. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि पटणारं कारण द्यावं लागतं.

टप्पा २ : कागद गोळा करा, आणि कंपनीला चाहूल लागण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भांडण सुरू झालं की ॲपमधला जुना इतिहास दिसेनासा होतो, वेबसाइटवरच्या अटी बदलतात, गोड बोलणारा सेल्समन नंबर बदलतो.

काय काय हवं :

– करार किंवा अटींची प्रत. कागदावर काहीच नसेल तर पैसे भरल्यावर आलेला ईमेल, एसएमएस आणि वेबसाइटवरच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा, त्यावर तारीख उमटू द्या.

– बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा. नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरत नाही, बँकेचं स्टेटमेंट काढा.

– जाहिरात, माहितीपत्रक, सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज. ‘चार सर्व्हिस आणि फिल्टर फ्री’ हे करारात नसून फक्त मेसेजमध्ये असेल, तर तो मेसेज हाच तुमचा करार. चॅट एक्स्पोर्ट करा. ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू असेल तर आजच बंद करा.

– प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि त्यावर मिळालेलं उत्तर.

– तंत्रज्ञाने दिलेला सर्व्हिस रिपोर्ट. नसेल दिला, तर तसं टिपून ठेवा.

– बिघाडाचे फोटो आणि व्हिडिओ. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरवून आलेली प्रत पुरावा म्हणून कमजोर पडते.

छापून जोडलेल्या चॅट आणि फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलेलं बरं. आयोगाची पद्धत दिवाणी कोर्टाइतकी काटेकोर नसते, पण समोरचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो.

आता कंपनीचं खरं नाव. हे निम्म्या लोकांकडून चुकतं असं माझं निरीक्षण आहे. मशीनवर दिसतो तो ब्रँड. करार ज्याच्याशी झाला ती कंपनी वेगळ्याच नावाची असू शकते. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की कायदेशीर नाव कळतं. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. संचालकांची नावं आणि पत्तेही आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या टप्प्यात लागू शकतात. फ्रँचायझी असेल, तर पैसे घेणारी फ्रँचायझी आणि मूळ कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नेमका जबाबदार निघतो तोच कागदावर नसतो.

टप्पा ३ : राहिलेली सेवा लेखी मागा

लगेच पैसे परत मागू नका. आधी सेवा मागा, तारीख घालून. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कंपनीला ‘वाजवी वेळ’ मिळतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद रंगतो. तुम्ही स्वतः तारीख दिली की तो वाद पुष्कळसा मिटतो. ईमेल दोन-चार ओळींचा पुरे :

“करार क्रमांक अमुक. चारपैकी एकच सर्व्हिस झाली आहे. मशीन अमुक तारखेपासून बंद आहे. तक्रार क्रमांक अमुक, अमुक. येत्या १० दिवसांत, म्हणजे अमुक तारखेपर्यंत, दुरुस्ती आणि राहिलेली सर्व्हिस करून द्यावी.”

फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेल टाका : ‘आज दुपारी आपल्या प्रतिनिधीने अमुक तारखेला माणूस पाठवतो असं सांगितलं.’ कंपनीने ते नाकारलं नाही, तर पुढे ते उपयोगी पडतं.

सावध – ओटीपी : माणूस येतो, मशीन उघडतो, ‘पार्ट मागवावा लागेल’ म्हणतो आणि जाताना म्हणतो, ‘मॅडम, ओटीपी सांगा, कॉल क्लोज करायचाय.’ ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार सुटली. पुढे आयोगात हीच नोंद तुमच्यासमोर येते. काम पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका. तो आधीच दिला असेल, तर लगेच ईमेल करा की काम झालेलं नाही, पार्ट मागवायचा आहे असं सांगितलं गेलं. सर्व्हिस रिपोर्टवर सही मागितली तर सहीच्या वर ‘काम अपूर्ण’ लिहा आणि फोटो काढा.

या काळात नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. पाण्याचे कॅन आणा, बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घ्या, पण बिलं ठेवा. त्याआधी कंपनीला कळवा की अमुक तारखेपर्यंत आला नाहीत तर काम बाहेरून करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून मागेन. न कळवता बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं, तर ‘वॉरंटी गेली’ हा मुद्दा तुम्हीच कंपनीच्या हातात दिलात.

टप्पा ४ : ‘कॅन्सल’ दाबण्याआधी थांबा

तारीख उलटली. आता ॲपवर ‘रद्द करा’चं बटण दिसतं आणि कारणांच्या यादीत ‘सेवा नको’ असा पर्याय असतो. तो निवडला की करार तुम्ही सोडलात अशी नोंद होते, आणि रद्द करण्याचं शुल्क किंवा ‘नो रिफंड’ची अट पुढे येते. तुमचं म्हणणं त्याच्या नेमकं उलट आहे : करार कंपनीने मोडला. म्हणून ॲपला हात न लावता ईमेलवर लिहा : “दिलेल्या मुदतीत आपण सेवा दिली नाही. करार आपण मोडला असल्याने मी तो संपुष्टात आणत आहे आणि न मिळालेल्या सेवेचे पैसे परत मागत आहे.”

आणखी एक : कंपनी अर्धवट रक्कम किंवा कूपन देऊ करते. ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलेल्या कागदावर किंवा लिंकवर मान्यता दिलीत की उरलेल्या रकमेचा दावा जवळजवळ संपतो. न विचारता खात्यात पैसे आले, तर लगेच कळवा की ही रक्कम हरकत राखून, अंशतः परतावा म्हणून धरली आहे.

सावध – हप्ते : क्लास किंवा जिमची फी बऱ्याचदा फायनान्स कंपनीच्या कर्जातून गेलेली असते. क्लास बंद पडला म्हणून ईएमआय थांबवला, तर सिबिल स्कोअर बिघडतो आणि वसुलीचे फोन सुरू होतात. कर्जाचा करार वेगळा आहे. फायनान्स कंपनीला लेखी कळवा, तिलाही विरुद्ध पक्ष करा आणि हप्ते थांबवण्याचा अंतरिम आदेश आयोगाकडे मागा. तो मिळेपर्यंत हप्ते भरत राहणं कडू आहे, पण बहुतेकांसाठी तेच शहाणपणाचं.

टप्पा ५ : मागणीचा हिशेब

इथे दोन टोकं दिसतात. कोणी फक्त ४,८०० मागतो, कोणी पाच लाख. दोन्ही चूक. आपल्या उदाहरणात हिशेब असा मांडता येईल :

न झालेल्या तीन सर्व्हिसचे ३,६०० रुपये, पाण्याच्या कॅनचे बिलाप्रमाणे, समजा, २,२५०, त्यावर पैसे भरल्याच्या किंवा करार मोडल्याच्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. पहिल्या दोन रकमांना कागद आहे, त्या ठामपणे मागा. मानसिक त्रासाची रक्कम आयोग ठरवतो, ती प्रकरणाच्या मानाने शोभेल इतकीच ठेवा. करार मोडल्याने थेट झालेलं नुकसान मिळतं. ‘मशीन बंद म्हणून पाहुणे आले नाहीत, म्हणून सोयरीक मोडली’ असल्या साखळीचं मिळत नाही.

तपासा : कोणत्या आयोगात जायचं आणि फी किती, हे तुम्ही किती मागता यावर नव्हे, सेवेसाठी किती दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,००० रुपये.

टप्पा ६ : नोटीस

कायद्याने ती सक्तीची नाही, पण मी नोटिशीशिवाय तक्रार करू नका असंच म्हणेन. बरीच लहान प्रकरणं इथेच मिटतात, कारण नोटीस कॉल सेंटरकडे न जाता कंपनीच्या कायदा विभागात पोचते. वकील लागत नाही. एक पान पुरे : कोणता करार, किती पैसे, काय ठरलं, काय झालं नाही, कोणत्या तारखांना कळवलं, आता किती रक्कम हवी आणि १५ दिवसांत न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार. शिव्या, ‘तुमची बदनामी करीन’, पोलिसांची धमकी, हे काहीही नको. ही नोटीस उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत.

बिलात परताव्याची वेगळी मुदत नसेल, तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत न करणं ही कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नोटिशीत याचा उल्लेख जरूर करा.

नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा आणि तीच प्रत ईमेलही करा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका, तसंच बंद ठेवा. ‘पत्त्यावर नाही’ म्हणून परत आलं तर पत्ता पुन्हा तपासा.

टप्पा ७ : १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक. नोटिशीची मुदत चालू असतानाच इथे तक्रार नोंदवा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीशी मध्यस्थी करते, मोठ्या कंपन्या अनेकदा प्रतिसादही देतात. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. इथली तक्रार ‘क्लोज’ झाली म्हणजे तुम्ही हरलात असं नाही, आणि इथे नोंद केली म्हणजे आयोगात तक्रार दाखल झाली असंही नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यात दोन वर्षं निघून जातात.

टप्पा ८ : आयोगात तक्रार दाखल करणं

ऑनलाइन दाखल करायची तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेलं ई-जागृती पोर्टल वापरा. आधीच्या ई-दाखिलची जागा आता त्याने घेतली आहे. जिल्हा आयोगात तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. वकील लावणं सक्तीचं नाही.

गठ्ठ्याचा क्रम असा ठेवा : अनुक्रमणिका, तारीखवार घटनाक्रम, तक्रार अर्ज, शपथपत्र, मग पान क्रमांक घातलेले आणि स्वतः सही केलेले कागद. उशीर झाला असल्यास विलंब माफीचा अर्ज. ऑनलाइन भरल्यावरही आयोग छापील प्रती मागू शकतो. विरुद्ध पक्ष वाढतील तशा प्रती वाढतात.

तक्रार अर्जात घटना एकेका परिच्छेदात, क्रमांक घालून लिहा आणि प्रत्येक परिच्छेदाशेवटी कोणत्या पानावर पुरावा आहे ते सांगा. कंपनीच्या एकूण लौकिकाबद्दल काही लिहू नका. शेवटी मागणी स्पष्ट आकड्यांत मांडा. जे मागितलं नाही, ते मिळण्याची अपेक्षा ठेवू नका.

सावध – ‘अन्यायकारक करार’ : ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ ही अट पाहून अनेकजण तक्रारीत ‘हा करारच अन्यायकारक ठरवून रद्द करा’ असं मागतात. कलम २(४६) मध्ये अशा कराराची व्याख्या आहे खरी, पण त्याच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. ४,८०० रुपयांसाठी मुंबईला जायचं नसेल, तर तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन पायांवर उभी करा. सेवा दिलीच नाही, तर परताव्याच्या अटीचा आडोसा कंपनीला फार काळ पुरत नाही.

जिमसारखा धंदा बंद पडून शंभर जणांचे पैसे अडकले असतील, तर सारख्या हितसंबंधाच्या ग्राहकांसाठी एकत्र तक्रार करता येते, पण त्यासाठी कलम ३५ खाली आयोगाची परवानगी घ्यावी लागते. आणि घाई करा : कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की तिच्याविरुद्धच्या तक्रारी स्थगित होतात, मग ठरलेल्या मुदतीत आपली मागणी रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यक्तीकडे) नोंदवावी लागते.

टप्पा ९ : सुनावणी

पहिल्या तारखेला तक्रार दाखल करून घ्यायची का, एवढंच पाहिलं जातं. मुदत, अधिकारक्षेत्र आणि ‘ग्राहक’ असणं, या तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ हवीत. आयोग मध्यस्थीचा पर्याय सुचवू शकतो. कंपनी मुद्दल द्यायला तयार असेल तर लहान प्रकरणात तो घ्यावा, असं माझं मत. मात्र रक्कम आणि तारीख तडजोडीच्या कागदावर असल्याशिवाय सही नको.

कंपनीला लेखी जबाब द्यायला ३० दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. नोटीस कंपनीला कधी मिळाली ती तारीख स्वतः मोजा, आणि ४५ दिवस उलटून जबाब आला तर हरकत घ्या. ती आपोआप कोणी घेत नाही.

कंपनी आलीच नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं. तरीही पुराव्याचं शपथपत्र द्यावंच लागतं. समोर कोणी नाही म्हणून तारखेला न जाणारे लोक आहेत, आणि गैरहजेरीमुळे त्यांची तक्रार निकाली निघते.

कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ जातो, तो धरूनच चला. दूरच्या तालुक्यातून येणं जमत नसेल, तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याचा अर्ज करता येतो.

टप्पा १० : आदेश मिळाल्यावर

प्रमाणित प्रत घ्या आणि ती कंपनीला ईमेल व पोस्टाने पाठवा. सोबत बँक खात्याचा तपशील आणि आदेशाप्रमाणे त्या दिवसापर्यंतचा व्याजासह हिशेब द्या. ‘खातं कोणतं ते कळवलंच नाही’ ही पळवाट फार वापरली जाते.

अपील ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे करता येतं. अपील कंपनीने केलं तर आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. म्हणून लहान रकमेसाठी अपिलाची धमकी बहुतेक वेळा धमकीच राहते. उलट, मागणीचा महत्त्वाचा भाग आयोगाने नाकारला असेल, तर हेच ४५ दिवस तुमचेही आहेत.

आदेशात दिलेली मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर दोन अर्ज आहेत. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, त्यात कंपनीचं बँक खातं जप्त करण्याची मागणी करता येते. कलम ७२ खाली शिक्षेची मागणी होते : किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम ७२ च्या अर्जात नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. संचालकांची नावं आणि पत्ते टप्पा २ मध्येच काढून ठेवले असतील, तर इथे पुन्हा धावपळ करावी लागत नाही.